गावाहून आलो तर मासे वर तोंड काढून: कुठलं औषध घालू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातलं कुटुंब, घरात दोन बाय एक बाय एक फुटाची काचेची टाकी. चार गोल्डफिश, चार मॉली, दोन 'शार्क' (दुकानात या नावाने मिळणारा पंगासियस) आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर मासा. गणपतीला पाच दिवस गावी गेले. निघायच्या आदल्या दिवशी 'निदान टाकी तरी स्वच्छ असू दे' म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. किल्ली शेजाऱ्यांकडे, दाणे घालायचं काम त्यांच्या मुलाकडे. परत आले तर पाणी दुधासारखं आणि सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. घाईने अर्धं पाणी बदललं, तर तासाभरात धाप आणखी वाढली. एक गोल्डफिश गेला. उरलेल्यांपैकी दोघांच्या अंगावर आणि शार्कच्या परांवर पांढरे ठिपके. दुकानदाराने निळं औषध दिलं, तेही घालून झालं. आता विचारताहेत: हा कुठला रोग आणि कुठलं औषध?

मला यात एक नाही, दोन दुखणी दिसतात. एकाला औषधच नाही. दुसऱ्याला आहे, पण पहिलं आटोक्यात आल्याशिवाय ते घालायचं नाही. निळी बाटली यातल्या कशावरच नव्हती.

वीसेक वर्षं मासे पाळतोय, पिल्लंही काढतो. या काळात स्वतःला लावून घेतलेला पहिला प्रश्न म्हणजे 'एकदम की एकेक?' टाकीतले सगळे मासे, वेगवेगळ्या जातींचे, एकाच दिवशी एकसारखे वागायला लागले तर तो रोग नसतो, ते पाणी असतं. रोग एकाला धरतो, मग दुसऱ्याला, त्यात चारसहा दिवस जातात. तुमचे गोल्डफिश, मॉली आणि शार्क एकाच सकाळी पृष्ठभागावर आले. म्हणजे धाप पाण्यामुळे. ठिपके मात्र तिघाचौघांवरच आहेत, तो रोग.

आधी धापेचं बघू. माशाच्या कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून ॲमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि रेतीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात, आणि क्लोरीनच्या नळाखाली ती दोन मिनिटांत धुऊन जाते. तुम्ही नेमकं ते केलंत आणि वर पाच दिवसांचे भरपूर दाणे पडले. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, तपकिरीच राहू द्यायचा. तो तपकिरी थर म्हणजे तुमचा खरा फिल्टर.

पाणी बदलल्यावर धाप वाढली याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. ॲमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. विषारी रूप किती, हे पीएच (पाणी आंबट की क्षारयुक्त याचं माप) आणि तापमान ठरवतं. पंचवीस अंशांना, पीएच ७ असताना एकूण ॲमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. दसपट. कुजलेल्या दाण्यांनी तुमच्या टाकीतलं पाणी आंबट झालं होतं, पीएच खाली होता, म्हणून मासे कसेबसे तग धरून होते. त्यात तुम्ही सोसायटीच्या टाकीतलं, बोअर मिसळलेलं क्षारयुक्त पाणी अर्ध्यावर ओतलंत. ॲमोनिया निम्मा झाला, पण उरलेला कितीतरी जास्त विषारी झाला. शिवाय त्या पाण्यातलं क्लोरीन काढलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढलं नसेल तर कल्ल्यांना तोही मार बसला.

आता मात्र पीएच नळाच्या पाण्याजवळ आलाच आहे, तेव्हा 'पाणी बदललं की मरतात' असं मनात धरून थांबू नका. आज ४० टक्के, उद्या सकाळी पुन्हा ४०. दोनदा केलं की मूळच्या ॲमोनियाचा तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर भाग उरतो. पाणी उपसताना पाइपाचं टोक रेतीत खुपसून तळाचा गाळ ओढा. पाइप तोंडाने ओढू नका, त्याचं कारण खाली येईलच. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला, आणि हात घालून दोन्हीकडचा गारवा सारखा लागतो ना ते बघा. एअर पंप रात्रंदिवस चालू. दाणे चार दिवस बंद. तुम्हाला हे क्रूर वाटेल, पण मोठा धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून आणा. याला पैसे पडत नाहीत, आणि बाजारातल्या कुठल्याही 'बॅक्टेरिया'च्या बाटलीपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते वाईट नाही. अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून मीही वापरतो, आणि नायट्राइटने रक्त तपकिरी पडलेल्या माशाला वेगळ्या बादलीत त्याची आंघोळ उपयोगी पडते. पण मुख्य टाकीत ते उरलेसुरले जिवाणूही मारतं, शिवाय सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करतं. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका, दोन दिवसांत निळेपणा उतरेल. तो उतरेपर्यंत थेंबांच्या किटने ॲमोनिया मोजायला जाऊ नका. ती चाचणी रंगावर वाचायची असते आणि निळ्या पाण्यात काहीही वाचता येतं.

पाणी निवळलं की ठिपक्यांकडे वळा. आधी ते खरंच 'व्हाइट स्पॉट' या परजीवी रोगाचे आहेत का, हे ठरवा. गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे दाणे येतात, ओळीत, एकसारखे. तो रोग नाही, तारुण्य आहे. त्यावर आठवडाभर औषध ओतणारे लोक मला दरवर्षी भेटतात. तुम्ही लिहिलंय की ठिपके शेपटीवर, पाठीवर, इतस्ततः आहेत, रव्याच्या कणाएवढे, आणि शार्कच्या परांवरही आहेत. मग संशयाला फारशी जागा नाही. खात्री हवी असेल तर अंधार करून टॉर्च बाजूने मारा. ठिपके सुटे आणि पांढरे दिसले तर व्हाइट स्पॉट. हळद भुरभुरल्यासारखी पिवळसर धूळ चमकली तर तो वेल्व्हेट नावाचा दुसरा रोग, त्याची गोष्ट वेगळी.

घरात शाळकरी मूल असेल आणि त्याच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक असेल तर एकदा तरी हे बघाच. मासा ओल्या हातात धरायचा, काचपट्टीच्या कडेने ठिपक्यावरून अलगद, शेपटीच्या दिशेने एकच फेर, वर टाकीतल्याच पाण्याचा थेंब. शंभरपट मोठं करून बघितलं की एक गोल, केसाळ, काळपट जीव संथ गरगर फिरताना दिसतो, आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखं वळलेलं केंद्रक. इक्थिओफ्थिरियस, व्हाइट स्पॉट करणारा परजीवी. हा नाल दिसला की निदानावर वाद संपला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मासा परत सोडायचंच विसरलो होतो, बायकोने ओरडून आठवण केली.

ठिपका म्हणजे तो जीव कातडीखाली बसून खातोय. तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाला जातो, भोवती चिकट कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकड्यांनी पिल्लं होतात. ती पिल्लं कवच फोडून पोहत सुटतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. आपल्याकडच्या उकाड्यात, पाणी २५-२६ अंश असताना, हे सगळं चक्र चारसहा दिवसांत फिरतं. थंडीत, दहा अंशांच्या पाण्यात, त्यालाच महिन्याहून जास्त लागतो. औषध घातल्यावर तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून लोक खूश होऊन थांबतात. ते बरे झालेले नसतात, खाली पडलेले असतात. पुढच्या आठवड्यात दसपटीने परत येतात आणि मग दोष दुकानदाराला. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडा, आणि एकूण दोन आठवडे, उपचार चालू ठेवायचे.

इथे तुमच्या टाकीतली मंडळी मला एक अडचण करताहेत. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, शार्क आणि सकर उष्ण पाण्याचे. गोल्डफिश आणि मॉली मीठ मजेत सोसतात. शार्कला खवले नाहीत, सकरलाही मीठ मानवत नाही. म्हणून दोन भाग करा.

गोल्डफिश आणि मॉली टाकीतच राहू देत, त्यांना मीठ. टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर होते, पण वरची दोन इंच मोकळी जागा आणि रेती वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. औषधाचा हिशेब नेहमी असाच करायचा, दुकानात सांगितलेल्या 'साठ लिटर'वर नाही. तीसेक टक्के जास्त डोस लोकांच्या हातून इथेच जातो. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम खडे मीठ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, चमच्यावर भरवसा नको. तीस-तीस ग्रॅमचे तीन भाग, बारा-बारा तासांनी, दरवेळी तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून. मीठ उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही. दहा लिटर काढून दहा लिटर घातलंत तर मात्र २० ग्रॅम परत घाला. या मिठाचा एक वरचा फायदाही आहे. ॲमोनियानंतर टाकीत नायट्राइट चढणार, आणि मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्या आधी बाहेर काढा, माना टाकतील.

शार्क आणि सकर पंचवीसेक लिटरच्या टबात न्या. रेती नको, नुसता तळ. एअरचा खडा (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा), लहान हीटर, आणि पाणी दिवसाला एखाद-दोन अंश असं चढवत ३० पर्यंत. या तापमानाला व्हाइट स्पॉटच्या बहुतेक वाणांची वाढ थांबते. टबाचं निम्मं पाणी रोज बदला आणि तळ रोज पुसून ओढून घ्या. खाली पडलेली कवचं फुटायच्या आत गटारात जातात, हा अर्धा उपचार आहे. ऊन पाणी हवा कमी धरतं, तेव्हा खडा बंद पडता कामा नये; वीज जाते त्या भागात राहत असाल तर बॅटरीवरचा पंप आणून ठेवा. आणि ही ऊब धाप थांबल्यावरच द्या, आज नको. तापमान वाढलं की ॲमोनियाचा विषारी हिस्साही वाढतो.

पाचसहा दिवसांत मिठाने फरक पडला नाही तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनचं तयार मिश्रण मिळतं, ते लेबलावरच्या प्रमाणात, खवले नसलेल्यांना निम्म्याने. कार्बनची पिशवी आधी काढायची, नाहीतर औषध तीच पिऊन टाकते. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना वापरायला अनेक देशांत बंदी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

'पाणी गरम करा' हा सल्ला सगळीकडे सर्रास मिळतो, म्हणून माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या गुरामींच्या ओठांवर कापसासारखं पांढरं आलं. बुरशी समजून मी हीटर ३० वर नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरापैकी नऊ मासे तळाला. ती बुरशी नव्हतीच, कॉलमनॅरिस होता, जिवाणू, आणि उबेत तो झपाट्याने वाढतो. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या कातडीवर येते, फुलारलेली असते, तिचे तंतू पाण्यात डुलतात. कॉलमनॅरिसचा थर आखूड, राखाडी-पिवळसर, ओठांवर किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा. तुमच्या मॉलींच्या तोंडावर असं काही दिसलं तर ऊब देण्याचा विचार सोडा, तो मासा लगेच वेगळा करा आणि मला कळवा.

तुम्ही विचारलंय, घरात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आहेत, फोडून घालू का. नको. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला ते चिकटून बसतं, आणि तुमच्या बोअरच्या जड पाण्यात माशापर्यंत पोचण्याआधीच वाया जाईल. जिवाणूंची वस्ती मात्र पुन्हा मोडेल. ज्या दुखण्यावर प्रतिजैविक लागतं तिथे ते खाण्यातून, नेमकं निदान करून द्यावं लागतं. असं अडलं तर वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला आहेत. आधी फोन करून विचारा आणि नेलात तर आजारी पण जिवंत मासा न्या. मेलेला मासा बर्फात घालून दोन दिवसांनी नेलात तर कुणालाच काही सांगता येत नाही.

मेलेला मासा बघायचा तो पहिल्या तासाभरात, घरीच. आगकाडीने कल्ल्याचं झाकण उचला. निरोगी कल्ला लालभडक असतो. चॉकलेटी दिसला तर नायट्राइट. फिका आणि वर शेंबडासारखा थर असला तर पाण्याने भाजलेला किंवा परजीवींनी खाल्लेला. तीनचार तास उलटले की सगळेच फिके पडतात, मग त्यावरून काही ठरवू नका. तुमचा गेलेला गोल्डफिश 'फुगला होता' असं लिहिलंय. जिवंतपणी वरून बघताना खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले होते का? तसं असेल तर जलोदर, त्याची मूत्रपिंडं आधीच गेली होती आणि तो तुमच्या हातचा नव्हता. मेल्यावर फुगला असेल तर ते नुसतं कुजणं, त्याला अर्थ नाही.

तोंडाने पाइप ओढू नका म्हणालो, कारण टाकीच्या पाण्यात काय काय असतं ते पिण्यासारखं नाही. हाताला चीर असेल तर त्या हाताने टाकीतही हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा एक जिवाणू माशांकडून माणसाच्या कातडीत शिरतो, बोटावर न भरणाऱ्या गाठी आणतो, आणि डॉक्टरांना 'मी मासे पाळतो' हे सांगितलं नाही तर निदान महिनोन्महिने लांबतं. दुर्मीळ आहे, पण सांगितलेलं बरं.

सगळे बरे झाल्यावर दोन शार्कांचं काय करायचं याचा निर्णय घ्या. हा पंगासियस, निसर्गात मीटरभराच्या वर वाढतो. हॉटेलात 'बासा' म्हणून बहुतेकदा ताटात येतो तो हाच. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं म्हणजे कपाटात म्हैस बांधणं. दुकानदार परत घेत असेल तर द्या, पण तलावात नेऊन 'सोडू' नका. सकर असाच कुणीकुणी सोडला आणि आज उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांऐवजी तोच येतोय, जाळी फाडतोय. चार गोल्डफिश हेसुद्धा ४५ लिटरला जास्तच होते. तीन उरलेत, चौथा आणू नका. आणलात तरी महिनाभर वेगळ्या टबात. हे ठिपकेही माझ्या मते गणपतीच्या आधी आणलेल्या मॉलींबरोबर आले असावेत. पाणी बिघडेपर्यंत माशांनी ते दाबून धरले होते.

पुढच्या वेळी गावी जाताना शेजारच्या पोराला डबा देऊ नका. कागदाच्या पुड्या बांधा, प्रत्येकीत चिमूटभर दाणे, वर तारीख, एक दिवस आड एक पुडी. डबा आईच्या कपाटात.

आत्तापुरतं मला तीन गोष्टी कळवा: निळेपणा उतरल्यावरचा ॲमोनिया, पीएच, आणि टॉर्च बाजूने मारून काढलेला शार्कच्या शेपटीचा फोटो. सकर काचेला चिकटून नीट बसतोय की पोट वर करून सुटतोय, तेही बघा. सुटत असेल तर टबाचं काम आधी करा.